थोडीफार ट्यून केलेली टर्बो गाडी आणि हाय-ऑक्टेन रेस फ्युएल: निवडीपासून परतीच्या मॅपपर्यंत

थोडीफार ट्यून केलेली टर्बो गाडी म्हणजे या लेखापुरती अशी गाडी, जिचे इंजिन आतून मूळचेच आहे, टर्बोही बहुधा कंपनीचाच आहे, पण इनटेक, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) यांपैकी काही बदललेले आहे आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नवा मॅप (इंधन आणि ठिणगीचे तक्ते) टाकून बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, थोडा वाढवलेला आहे. अशा गाडीच्या मालकाला ट्रॅकवर किंवा ड्रॅग स्ट्रिपवर जायचे ठरले की रेस फ्युएलचा विचार मनात येतोच. हा विचार चुकीचा नाही. योग्य रीतीने वापरले तर हे इंधन अशा इंजिनाला खरोखर उपयोगी पडते. मात्र हा उपयोग कोणत्या वाटेने होतो हे समजून न घेता ते टाकीत ओतले, तर एक तर महागडे इंधन नुसतेच जळून जाते, किंवा त्याच्या भरवशावर वाढवलेले टायमिंग, म्हणजे लवकर आणलेली ठिणगीची वेळ, पुढच्या आठवड्यात साध्या पेट्रोलवर तसेच चालू राहते आणि पिस्टन जातो. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नये.

ऑक्टेनमुळे इंजिनात काय बदलते

ठिणगी पडल्यावर सिलिंडरमधली ज्योत प्लगपासून भिंतीकडे पसरत जाते. ती पोहोचायच्या आत कडेचे न जळलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतके तापते की काही वेळा ते आपणहून, एकदम पेट घेते. त्यातून दाबाच्या ज्या लाटा उठतात त्या सिलिंडरमध्ये आदळत राहतात. साधारण ८६ मिलिमीटर बोअरच्या इंजिनात त्यांची कंपनसंख्या सेकंदाला साडेसहा हजारांच्या आसपास असते आणि नॉक सेन्सर तीच टिपत असतो. हेच नॉकिंग. टर्बो गाडीत हवा आधीच दाबलेली आणि तापलेली आत येत असल्यामुळे तिथे नॉकिंगची सीमा लवकर गाठली जाते. ऑक्टेन म्हणजे आपणहून पेट घेण्याला इंधनाने केलेल्या विरोधाचे माप आहे, एवढेच.

त्या मापाचा इंधनातल्या ऊर्जेशी थेट संबंध नाही. जास्त ऑक्टेनच्या लिटरभर इंधनात जास्त शक्ती साठवलेली असते, हा समज चुकीचा आहे. काही ऑक्सिजनयुक्त रेस फ्युएलमध्ये तर लिटरमागे ऊर्जा साध्या पेट्रोलपेक्षा थोडी कमीच असते. जास्त ऑक्टेनचे इंधन सावकाश जळते, हेही सरसकट खरे नाही. ज्योतीचा वेग आणि नॉकिंगला विरोध हे दोन वेगळे गुण आहेत.

मग फायदा कुठून येतो? प्रत्येक वेग आणि प्रत्येक भाराला ठिणगीची एक अशी वेळ असते, जिथे इंजिन सर्वांत जास्त टॉर्क देते. त्याहून लवकर ठिणगी टाकली तर टॉर्क वाढत नाही, नुसता दाब वाढतो. टर्बो इंजिन पूर्ण बूस्टवर असताना या वेळेपर्यंत बहुधा पोहोचूच शकत नाही, कारण वाटेत नॉकिंग आडवे येते आणि ईसीयूला टायमिंग मागे घ्यावे लागते. रेस फ्युएल ही अडवणूक दूर सारते. म्हणजे आपल्या इंजिनाचे टायमिंग नॉकिंगमुळे जेवढे मागे राहिले आहे, तेवढीच कमाई शक्य आहे. ते मुळीच मागे राहिलेले नसेल, तर कितीही महागडे फ्युएल घाला, डायनोवरचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा हलणार नाही. पुढचे सगळे मोजमाप या एका गोष्टीसाठी आहे.

डब्यावरचा आकडा कसा वाचावा

ऑक्टेनचे तीन आकडे प्रचलित आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळे गणित बिघडते. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) हा आकडा बदलत्या कॉम्प्रेशनच्या एकाच सिलिंडरच्या प्रमाणित इंजिनात मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजतात. एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) त्याच प्रकारच्या इंजिनात ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण १४९ अंश सेल्सियसपर्यंत तापवून मोजतात, त्यामुळे तो नेहमीच्या पेट्रोलसाठी कमी भरतो. दोन्ही पट्ट्यांवर आयसोऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य गुण आहेत. तिसरा आकडा या दोघांची सरासरी असतो आणि तो एकेआय या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत पंपावर हाच लिहिलेला असतो. तिथले ९३ हे साधारणपणे आरओएन ९८ च्या जवळचे पेट्रोल असते. आरओएन १०५ आणि एमओएन ९५ असलेले फ्युएल सरासरीने १०० ठरते, आणि विक्रेता यातला कोणता आकडा ठळक छापेल याचा नेम नसतो. म्हणून आपल्या पंपावरचे पेट्रोल आणि रेस फ्युएल या दोन्हींचे आकडे एकाच पट्टीवर आणल्याशिवाय तुलना करू नये.

आरओएन आणि एमओएन यांतल्या फरकालाही अर्थ आहे, आणि टर्बो गाडीसाठी तो महत्त्वाचा आहे. इंधनशास्त्रज्ञ गौतम कळघटगी यांनी मांडलेल्या सूत्रानुसार इंधनाचा प्रत्यक्ष ऑक्टेन निर्देशांक म्हणजे आरओएनमधून हा फरक एका गुणकाने गुणून वजा केलेली संख्या. हा गुणक इंजिनाच्या त्या वेळच्या स्थितीवर ठरतो आणि इंटरकूलर असलेल्या आधुनिक टर्बो इंजिनांत तो अनेकदा उणे येतो. म्हणजे अशा इंजिनात आरओएन जास्त आणि दोन आकड्यांतला फरकही जास्त असलेले इंधन अधिक चांगले काम करते. जुन्या पद्धतीने केवळ एमओएनचा मोठा आकडा पाहून निवड करणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

फ्युएलची निवड

पहिली चाळणी शिशाची. शिसे मिसळलेल्या पेट्रोलचा रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असलेला वापर जगभरात संपल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये जाहीर केले. परंतु रेसिंगसाठीची अनेक इंधने आजही शिसेयुक्त आहेत. गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर शिसे त्याच्या थरावर बसून तो निकामी करते. कन्व्हर्टर काढून टाकलेला असला तरी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्ब्डा सेन्सर राहतोच, आणि शिशाने त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. सेन्सर बिघडताना एकदम बंद पडत नाही, आधी चुकीचे आकडे देऊ लागतो, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर विश्वासून ईसीयू मिश्रण ठरवत राहतो. छोट्या विमानांसाठीचे शंभर नंबरी पेट्रोल याच कारणाने वर्ज्य समजावे. त्याला ‘लो लेड’ म्हणतात, पण त्यात लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालते. आपल्या या वर्गातल्या गाडीने शिसेविरहित इंधनच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढ्यात तिची गरज भागते.

दुसरी चाळणी ऑक्सिजनची. काही शिसेविरहित फ्युएलमध्ये इथेनॉल किंवा ईथर प्रकारची रसायने मिसळून ऑक्टेन वाढवलेले असते. अशी रसायने स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतात, त्यामुळे पूर्ण ज्वलनासाठी हवेचे प्रमाण कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १४.१, आणि निव्वळ इथेनॉलला सुमारे ९. साध्या पेट्रोलसाठी बांधलेला मॅप ठेवून जास्त ऑक्सिजनचे फ्युएल भरले तर पूर्ण बूस्टवर, जिथे पुष्कळशा ईसीयू ठरलेल्या तक्त्यावरून इंधन सोडतात, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. फ्युएल नॉकिंग रोखणारे असूनही अशा वेळी इंजिनाला धोका संभवतो. म्हणून अशा फ्युएलसाठी मॅपमध्ये इंधनाचे प्रमाण बदलावेच लागते. पहिल्यांदा हे करणाऱ्याने ऑक्सिजन नसलेले किंवा अगदी कमी असलेले फ्युएल घ्यावे. मिथेनॉलवर आधारित इंधनांचा तर इथे विचारच करू नये, कारण ते अॅल्युमिनियम आणि रबराचे भाग खाते.

तिसरा प्रश्न किती ऑक्टेन पुरेसे, हा. मूळच्या टर्बोवर थोडा बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला आरओएन १०० ते १०५ या पट्ट्यात बहुधा जेवढे मिळायचे तेवढे मिळून जाते. ११५ च्या वरची फ्युएल फार मोठ्या बूस्टच्या इंजिनांसाठी बनवलेली असतात. खरेदीपूर्वी उत्पादकाचा तांत्रिक तक्ता मागून घ्यावा आणि त्यात आरओएन, एमओएन, शिशाचे प्रमाण, ऑक्सिजनची टक्केवारी, घनता आणि हवेचे आदर्श प्रमाण हे सगळे दिलेले नसेल तर ते फ्युएल घेऊ नये.

छोट्या बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरबद्दल थोडक्यात. ‘५ पॉइंट वाढ’ असे छापलेले असते तेव्हा त्या व्यवसायात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दशांश धरतात. म्हणजे ९५ चे ९५.५ होते. मँगनीजवर आधारित बूस्टर सातत्याने वापरले तर प्लगच्या चिनी मातीवर विटकरी रंगाचा थर धरतो आणि ठिणगी चुकू लागते. त्यापेक्षा मोजून मिसळलेले चांगले फ्युएल केव्हाही बरे.

आधी गाडीची तपासणी

रेस फ्युएल कमकुवत इंजिनाची दुरुस्ती करत नाही. उलट त्यामुळे नॉकिंग थांबले की मूळ बिघाड झाकला जातो आणि नंतर साध्या पेट्रोलवर तो अधिक जोराने वर येतो. म्हणून फ्युएल आणण्यापूर्वी सिलिंडर दाब नीट धरतात का ते दाखवणारी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून घ्यावी. इनटेकच्या नळ्यांना दाब देऊन गळती शोधावी, कारण गळती असेल तर तेवढाच बूस्ट मिळवायला टर्बोला जास्त फिरावे लागते आणि हवा अधिक तापते. स्पार्क प्लग नवे आणि शक्यतो एक पायरी थंड प्रकारचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) असावेत, आणि त्यांची गॅप ट्यूनरने सांगितल्याप्रमाणे, बहुधा ०.७ मिलिमीटरच्या आसपास, ठेवावी. दाब वाढला की मोठ्या गॅपमधून ठिणगी उडणे कठीण जाते.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये शिरत असेल तर ती इंधनाचे परिणामी ऑक्टेन खाली खेचते. इंटरकूलरचा खालचा पाइप सोडून बघावा. आत बोटाला पुसटसा तेलकटपणा लागणे स्वाभाविक आहे, पण पाइप वाकवल्यावर तेलाचा ओघळ येत असेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ इनटेककडे सोडणारी झडप), टर्बोचे सील आणि गरज असल्यास कॅच कॅन (वाफेतले तेल अडवणारा डबा) यांचे काम करून घ्यावे. महागडे ऑक्टेन आणून ते तेलाने मारण्यात अर्थ नाही. क्लच आणि गिअरबॉक्स आताच्याच टॉर्कवर घसरत असतील, तर हा बेत तिथेच थांबवावा.

पहिला लॉग साध्या पेट्रोलवरच

यानंतरचे काम सर्वांत मोलाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक जण वगळतात. नेहमीच्या पेट्रोलवर, सध्याच्या मॅपवर, डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलचा लॉग घ्यावा. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग कधीही करू नये. एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या, साधारण २,५०० फेऱ्यांपासून मर्यादेपर्यंत खेच द्यावी आणि पुरेशी विश्रांती देऊन ती पुन्हा करावी. लॉगमध्ये फेऱ्या, बूस्ट, प्रत्यक्ष टायमिंग, प्रत्येक सिलिंडरमागे नॉकिंगमुळे मागे घेतलेले अंश, आत येणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्ब्डा (मिश्रणातली हवा आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा), इंधनाचा दाब आणि इंजेक्टर किती टक्के वेळ उघडे राहतात, एवढ्या गोष्टी हव्यातच. डायरेक्ट इंजेक्शन (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत) असेल तर रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतला, उच्च दाबही घ्यावा.

समजा, लॉगमध्ये असे दिसले: ३,५०० फेऱ्यांवर बूस्ट पूर्ण आला, मॅपने ९ अंश टायमिंग मागितले, प्रत्यक्षात ६ मिळाले, आणि तिसरा सिलिंडर सगळ्यांत जास्त, म्हणजे ४ अंश मागे घेतला गेला. ५,५०० फेऱ्यांवर मागे घेण्याचे प्रमाण एका अंशावर आले, पण हवेचे तापमान खेचेच्या सुरुवातीपेक्षा २० अंशांनी वाढले. हा लॉग बरेच काही सांगतो. मधल्या पट्ट्यात इंजिन नॉकिंगच्या सीमेवर आहे, तिथे रेस फ्युएलला वाव आहे. एकच सिलिंडर वेगळा वागत असेल तर त्याचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आधी पाहायला हवा. आणि वरच्या पट्ट्यात खरी अडचण इंटरकूलरची आहे. तिथे फ्युएलवर खर्च करण्याऐवजी इंटरकूलर बदलला तर तो फायदा कायमचा, अगदी साध्या पेट्रोलवरही, राहील.

टाकीतले गणित

टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून उरलेले पेट्रोल धरूनच हिशेब करावा. शिसेविरहित आणि ऑक्सिजन नसलेल्या इंधनांसाठी आकारमानाच्या प्रमाणात सरासरी काढली तर अंदाज पुरेसा जवळ येतो. टाकीत आरओएन ९५ चे १० लिटर पेट्रोल उरले आहे आणि त्यात आरओएन १०३ चे ३० लिटर फ्युएल घातले, तर ९५० अधिक ३,०९० म्हणजे ४,०४०, त्याला ४० ने भागून मिश्रण सुमारे आरओएन १०१ चे होते. उलट बाजूने, ४० लिटरचे आरओएन १०० मिश्रण हवे असेल, तर २५ लिटर रेस फ्युएल आणि १५ लिटर पेट्रोल लागेल. इथेनॉल किंवा शिसे मिसळलेल्या इंधनाला हे सरळ गणित लागू पडत नाही. त्यांचा परिणाम प्रमाणाबरोबर समान वाढत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्येही १० किंवा २० टक्के इथेनॉल असू शकते, म्हणून अंदाजात आपल्या बाजूने एखाद्या अंकाची सूट ठेवावी आणि मॅप त्या कमी आकड्यावर बांधावा.

मिश्रण शक्यतो बाहेर, मोजमापाच्या कॅनमध्ये करून मग टाकीत ओतावे. ते जमत नसेल तर आधी रेस फ्युएल आणि वरून पेट्रोल घालावे, म्हणजे ओतण्याच्या जोराने ते मिसळते. टाकी भरली की लगेच खेच देऊ नये. परतीची नळी नसलेल्या इंधन यंत्रणेत पंपापासून रेलपर्यंत जुनेच पेट्रोल भरलेले असते. ते संपेपर्यंत काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावे आणि त्या वेळी हळू गतीवरची लॅम्ब्डा दुरुस्ती (सेन्सर पाहून ईसीयू इंधनात करतो तो फेरफार) कोणत्या दिशेने सरकते ते पाहावे. ती बराच काळ अधिकच्या बाजूला गेली, तर फ्युएलमध्ये आपण धरला त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन आहे, असे समजून पुढची पायरी थांबवावी.

मॅप न बदलता पहिली चाचणी

आता तोच मॅप, तोच गिअर, शक्यतो तशीच हवा आणि तीच खेच. पुष्कळ ईसीयू नॉकिंगचा अनुभव स्मृतीत ठेवतात आणि तो अनुभव पुसायला त्यांना वेळ लागतो. म्हणून एक तर शिकलेल्या दुरुस्त्या रीसेट कराव्यात किंवा सौम्य भारावर पुरेसे चालवून त्यांना नव्याने शिकू द्यावे. नाहीतर फ्युएल चांगले असूनही पहिल्या लॉगमध्ये जुनेच टायमिंग दिसेल.

निकाल तीन प्रकारचे संभवतात. मागे घेतलेले अंश जवळजवळ शून्यावर आले आणि टॉर्क वाढला, तर आपला मॅप साध्या पेट्रोलसाठी जरा जास्तच धीट आहे, हे कळते. हा फायदा नवा मॅप न बनवताच मिळाला आणि अनेकांनी इथेच थांबणे योग्य ठरेल. दुसरी शक्यता अशी की अंश आधीही मागे जात नव्हते आणि आताही नाहीत, आकडाही तोच आहे. अशा वेळी फ्युएलचा उपयोग वेगळा मॅप केला तरच होईल. तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे: ऑक्टेन ६–७ अंकांनी वाढूनही तोच सिलिंडर, त्याच फेऱ्यांना, तेवढेच अंश मागे जात राहतो. हे नॉकिंग बहुधा नसते. सैल झालेले हीट शील्ड, इंजिन माउंट किंवा डाउनपाइपचा धक्का सेन्सर नॉकिंग म्हणून नोंदवत असतो, नाहीतर त्या सिलिंडरमध्ये खराखुरा यांत्रिक दोष असतो. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

रेस फ्युएलचा वेगळा मॅप

हे काम अनुभवी ट्यूनरने, डायनोवर करावे. तरीही मालकाला क्रम माहीत असावा, म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतात. बूस्ट आहे तेवढाच ठेवून प्रथम टायमिंग एकेक अंशाने पुढे न्यावे आणि प्रत्येक अंशाला टॉर्क किती वाढला ते पाहावे. पहिल्या दोन-तीन अंशांना वाढ ठळक असते, मग ती ओसरते. ज्या अंशाला टॉर्क वाढेनासा झाला त्याच्या एक-दोन अंश अलीकडे थांबावे, नॉकिंग ऐकू आले नाही तरीही. रेस फ्युएलवर नॉकिंगचा इशारा उशिरा येत असल्यामुळे इंजिन गुपचूप गरजेपेक्षा जास्त दाबाखाली जाऊ शकते आणि तो दाब पिस्टन, रॉड आणि हेड गॅस्केटवर पडतो. मूळच्या रॉडच्या इंजिनात ही खरी मर्यादा आहे. ऑक्टेनने ती वाढत नाही.

टायमिंग पुढे नेऊन योग्य जागी आणल्यामुळे एक्झॉस्टचे तापमान उतरते, हा टर्बोसाठी चांगला परिणाम आहे. पण त्या सवलतीवर मिश्रण पातळ करण्याचा मोह टाळावा. पूर्ण भारावर टर्बो पेट्रोल इंजिनाचा लॅम्ब्डा ट्यूनर बहुधा ०.८० ते ०.८५ च्या पट्ट्यात ठेवतात. फ्युएल बदलले तरी आपल्या इंजिनाचा ठरलेला आकडा तसाच राहू द्यावा. इथे लॅम्ब्डाच वाचावा, हवा-इंधनाचे प्रमाण वाचू नये, कारण गेज त्या प्रमाणाचा आकडा साध्या पेट्रोलचे १४.७ गृहीत धरून दाखवतो आणि ऑक्सिजनयुक्त फ्युएलवर तो दिशाभूल करतो.

बूस्ट वाढवायचाच असेल तर तो टायमिंगनंतर, थोडा आणि वरच्या फेऱ्यांना वाढवावा. २,००० ते ३,००० फेऱ्यांच्या पट्ट्यात, जिथे छोटा टर्बो चटकन भरतो, तिथे बूस्ट वाढवणे सर्वांत घातक आहे. कमी फेऱ्यांवरचा मोठा टॉर्क रॉड वाकवतो. शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत याच पट्ट्यात ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो, ज्याचा संबंध तेलाच्या थेंबांशी आणि साठलेल्या कणांशी असतो, आणि त्यावर ऑक्टेनचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी योग्य दर्जाचे तेल लागते. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा याच प्रश्नाची दखल घेऊन आणला. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडे राहू लागले किंवा रेलमधला दाब मागणीपेक्षा खाली येऊ लागला, की तो मॅप तिथेच संपला असे मानावे.

मॅप पूर्ण झाल्यावर प्लग काढून भिंगातून पाहावेत. चिनी मातीवर चकचकीत, मिठाच्या बारीक कणांसारखे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचे अॅल्युमिनियम आहे, आणि लॉग कितीही स्वच्छ असला तरी त्या मॅपवर गाडी पुन्हा चालवू नये. काळे, मिरपुडीसारखे ठिपकेही सुरुवातीच्या नॉकिंगचे लक्षण असू शकतात. स्वच्छ, फिकट तपकिरी चिनी माती आणि शाबूत इलेक्ट्रोड दिसले, म्हणजे सेन्सरच्या सांगण्याला दुजोरा मिळाला.

ट्रॅकवर

डायनोवरची खेच काही सेकंदांची असते, तर ट्रॅकवर इंजिन सलग कित्येक मिनिटे भारावर राहते. इंटरकूलर तापतो, शीतकाचे तापमान चढते, आणि सकाळी दोन अंश मोकळी असलेली जागा दुपारी उरत नाही. थोड्या बदलांच्या गाडीसाठी रेस फ्युएलचा सर्वांत चांगला उपयोग मला इथेच दिसतो: मॅप साध्या पेट्रोलचाच, किंवा त्याहून अगदी थोडा पुढचा, आणि ऑक्टेनची बहुतेक वाढ उष्णतेसाठी राखून ठेवलेली. लॅपचा वेळ त्यामुळे दिवसभर टिकतो आणि इंजिनही. प्रत्येक सत्रानंतर एक लॅप सावकाश चालवून इंजिन थंड करावे, लॉग लगेच पाहावा, आणि टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये. लांब वळणात पंपाला हवा लागली की क्षणभर मिश्रण पातळ होते, आणि त्या क्षणी कितीही ऑक्टेन असले तरी इंजिन वाचत नाही.

परतीचा मॅप

सगळी काळजी घेऊन केलेले काम नेमके इथे बिघडते. ट्रॅकवरून निघताना, टाकीत रेस फ्युएल असतानाच, मॅप साध्या पेट्रोलचा करावा. जास्त ऑक्टेनच्या, ऑक्सिजन नसलेल्या फ्युएलवर सौम्य मॅप चालवण्यात काहीही धोका नाही, उलट केले तर आहे. पंपावर गेल्यावर बदलू, असे ठरवू नये; दमलेल्या माणसाच्या ते लक्षात राहत नाही. इंधनाच्या झाकणाच्या आत, जिथे नोझल धरणाऱ्याची नजर जाईल, तिथे मॅपची आठवण देणारी चिठ्ठी चिकटवावी. गाडी घरातले दुसरे कोणी चालवत असेल तर रेस फ्युएलचा मॅप ईसीयूमध्ये ठेवूच नये.

फ्लेक्स-फ्युएल सेन्सर बसवला आहे म्हणून गाडी हे आपोआप ओळखेल, असेही समजू नये. तो सेन्सर इंधनातले इथेनॉलचे प्रमाण मोजतो. ऑक्टेन मोजणारा सेन्सर गाडीत नसतो, त्यामुळे इथेनॉलविरहित आरओएन १०३ आणि इथेनॉलविरहित आरओएन ९५ त्याला सारखेच वाटतात. नॉक नियंत्रण आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक आहे. ती यंत्रणा नॉकिंग घडून गेल्यावरच टायमिंग मागे घेते, आणि धीट मॅपवर पूर्ण बूस्टमध्ये ते पहिले काही ठोकेच नुकसान करायला पुरेसे ठरू शकतात.

साठवण आणि हाताळणी

उरलेले फ्युएल मूळच्या घट्ट झाकणाच्या डब्यातच, थंड, सावलीच्या आणि हवेशीर जागी, ज्योत किंवा विजेची ठिणगी होण्याजोग्या उपकरणांपासून दूर ठेवावे. डबा अर्धा रिकामा राहिला की हलके घटक वरच्या मोकळ्या जागेत उडतात आणि प्रत्येक उघडझापीबरोबर बाहेर जातात. त्याने इंजिन सुरू होण्याचा गुण आणि ऑक्टेन दोन्ही बदलतात. पारदर्शक डब्यात प्रकाशानेही फ्युएल खराब होते. ऑक्सिजनयुक्त, विशेषतः इथेनॉल असलेले, फ्युएल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ते उघडल्यावर लवकर संपवावे. डब्यावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.

कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत किंवा प्लॅस्टिकच्या आच्छादनावर न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडण्याचा धोका घटतो. हातात पेट्रोलला टिकणारे हातमोजे घालावेत, आणि नळीने तोंडाने ओढून फ्युएल काढण्याची सवय पूर्ण सोडावी. त्यातल्या अॅरोमॅटिक घटकांची वाफसुद्धा घातक आहे. पेट्रोलच्या आगीसाठी योग्य असा अग्निशामक हाताशी असावा. बरेच दिवस उघडे राहिलेल्या फ्युएलच्या ऑक्टेनबद्दल शंका आली, तर ते भरपूर ताज्या पेट्रोलमध्ये थोडे थोडे मिसळून साध्या पेट्रोलच्या मॅपवर, हलक्या वापरात संपवावे. रेस फ्युएलच्या मॅपसाठी नेहमी नवा, सीलबंद डबाच उघडावा.